लहान मुलांना पवित्र शास्त्र घरी कसे सांगावे

(नभोवाणीवरील भाषण)



आज ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे मी योजिले आहे, तो वरवर पाहता एका लहानशा समाजापुरता आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी लहान मुलांना कशा सांगाव्या, हा तो विषय. परंतु ज्या घरात मूल आहे आणि वडिलांपासून चालत आलेला एखादा ग्रंथ आहे, त्या प्रत्येक घरात हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने उभा राहतोच. म्हणून इतर श्रोत्यांनीही थोडा वेळ ऐकावे अशी विनंती आहे. मी धर्मपंडित नाही. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि चौथीपर्यंतच्या मुलांना शिकविता शिकविता निवृत्त झालो. मुलांविषयी जे काही थोडेबहुत कळले ते शाळेत कळले. घरी आल्यावर तेच मी कसे विसरलो, हेही आज सांगावयाचे आहे.

मुलांना शास्त्र शिकविण्याची मूळ जागा घर हीच होय. रविवारची शाळा फार अलीकडची. इंग्लंडातील ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्रकाराने 1780 मध्ये ती चालविली, तीही मुख्यतः आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना लिहिणे-वाचणे यावे म्हणून. त्याच्या कित्येक शतके आधी मोशेच्या नियमशास्त्रात आईबापांना सांगितलेले आहे की, ही वचने मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला. यात पाटी नाही, परीक्षा नाही आणि छडी तर नाहीच नाही. वल्हांडण सणाच्या विधीविषयीही तसेच आहे. मुले विचारतील की हे आपण कशाला करतो, तेव्हा त्यांना मिसर देशातून सुटका झाल्याची हकीगत सांगा, अशी योजना आहे. म्हणजे आधी मुलाचा प्रश्न आणि मग वडिलांचे उत्तर.

हा क्रम आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींनी आजवर राखला आहे. त्यांची घरची भाषा मराठी. सणाच्या रात्री जेवणाच्या पाटाभोवती घरातले सर्वांत धाकटे मूल प्रश्न विचारते आणि मग ती सुटकेची कथा सुरू होते. या विधीची पोथी मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह पुण्यात 1874 मध्ये छापली गेली आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांचेही पहिले उदाहरण घरातलेच आहे. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याला शास्त्राची ओळख बालपणापासून होती, आणि त्याच्या विश्वासाचा उल्लेख करताना पौलाने आजी लोईस व आई युनीके या दोघींची नावे घेतली आहेत. कोणा गुरुजींचे नाव घेतलेले नाही. मास्तर असूनही मला ही गोष्ट आवडते.

आता माझी चूक सांगतो. माझा थोरला मुलगा पाच वर्षांचा होता. तिन्हीसांजेला दिवा लागला की आमच्याकडे परवचा होई, त्यानंतर प्रार्थना आणि मग मी एक गोष्ट सांगत असे. आपल्याला गोष्ट रंगवून सांगता येते, याचा मला त्या वेळी मोठा अभिमान होता. एका संध्याकाळी मी अब्राहाम आणि इसहाक यांची कथा घेतली. देवाने अब्राहामाला आपल्या एकुलत्या मुलाचा बळी देण्यास सांगितले. बापलेक तीन दिवस चालत डोंगराकडे गेले. लाकडे मुलाच्या खांद्यावर होती. अखेर वेदीवर मुलाला बांधून बापाने सुरी उचलली. येथे मीही हात उचलला. मग देवदूताची हाक, झुडपात अडकलेला एडका, इसहाकाची सुटका, असे सर्व यथासांग सांगून मी शेवटी तात्पर्य जोडले की, देवाची आज्ञा सर्वांत मोठी.

त्या रात्री मुलाने आपली उशी माझ्या शेजारून उचलली आणि तो आईजवळ जाऊन निजला. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी पत्नीने मला सांगितले, "तो विचारत होता, देवानं बाबांना तसं सांगितलं तर?" मी हसलो. इतकेच नव्हे, तर मुलाला बोलावून, शास्त्रातल्या गोष्टींवर अशी शंका घेणे बरे नव्हे, म्हणून समजही दिली. त्यानंतर त्याने मला शास्त्रातले कधीच काही विचारले नाही. वचने पाठ केली, स्तोत्रे पाठ केली, रविवारच्या शाळेत बक्षिसे आणली. मी ते सर्व माझ्या शिकवणुकीचे यश समजत राहिलो. पुढे तीस वर्षांनी त्याची मुलगी चार वर्षांची झाली. तिला मांडीवर घेऊन मी गोष्ट सांगावयास बसलो, तेव्हा तो दाराशी येऊन हळूच म्हणाला, "बाबा, तिला इसहाकाची नका सांगू. इतक्यात नको." मी ती संध्याकाळ पार विसरून गेलो होतो, त्याला तिच्यातले सर्व काही आठवत होते.

तेव्हापासून मी या विषयाचा पुन्हा पहिलीपासून अभ्यास केला असे म्हटले तरी चालेल. नातीने माझ्याकडून पुष्कळ गोष्टी ऐकल्या, आणि गोष्ट कशी सांगावी हे मी तिच्याकडून शिकलो.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रंथ आधी मिटून ठेवावा आणि तोंडाने सांगावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला छापील पान म्हणजे वडिलांच्या तोंडापुढे धरलेला पडदा वाटतो. शिवाय पवित्र शास्त्र हे एक पुस्तक नसून पुस्तकांची एक पेटीच आहे. आमच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या प्रतीत सहासष्ट पुस्तके आहेत, कॅथलिक प्रतीत त्र्याहत्तर. त्यात कायदे आहेत, वंशावळी आहेत, गाणी आहेत, पत्रे आहेत. कित्येक उत्साही आईबाप पहिल्या पानापासून ओळीने वाचावयास घेतात आणि लेवीयाच्या पुस्तकातील यज्ञांच्या नियमांत गाडी रुतून बसते. लहान मुलांसाठी आपणच वेचे काढले पाहिजेत. लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यात नदीकाठी ठेवलेला मोशे आणि लांबून पाहत उभी राहिलेली त्याची बहीण, हरवलेले मेंढरू, पाच भाकरी आणि दोन मासोळ्या घेऊन आलेला मुलगा, असे दहा-बारा वेचे पहिल्या दोन वर्षांना पुरे होतात. मुलांना नव्या गोष्टीपेक्षा कालचीच गोष्ट पुन्हा हवी असते. ती आठवडाभर सांगावी.

शमुवेलाची गोष्ट आमच्याकडे महिनाभर चालली. लहान शमुवेल मंदिरात निजलेला असतो, आपल्या नावाची हाक ऐकतो आणि म्हाताऱ्या एलीने बोलावले असे समजून त्याच्याकडे धावतो. एली त्याला परत पाठवितो. असे तीनदा घडते. नात शमुवेल होई आणि मी पांघरूण घेतलेला एली. तीन वेळा धावत येण्याची ती मजा! पुढे देवाने शमुवेलाला जो निरोप दिला तो एलीच्या घराण्याला फार कठोर आहे. तो मी मोठ्या वयासाठी राखून ठेवला. गोष्टीचा काही भाग राखून ठेवणे म्हणजे खोटे सांगणे नव्हे. मात्र राखून ठेवलेला भाग मुळातच नाही, असे कधी म्हणू नये.

दुसरे असे की, या गोष्टी परक्या गोऱ्या देशातल्या नाहीत, हे मुलाला दाखवून द्यावे. चित्रांच्या पुस्तकांनी याबाबतीत मोठा घोटाळा करून ठेविला आहे. त्यातील माणसांचे निळे डोळे आणि हिरवीगार कुरणे पाहून मुलाला वाटते की हे सर्व विलायतेत घडले. वस्तुतः पॅलेस्टाईनच्या त्या जीवनात खळे आहे, जाते आहे, तेलाचा दिवा आहे, बैलांचे जू आहे. त्यांची मापेसुद्धा आपलीच आहेत. नोहाचे तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच होते. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर. गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत सांगितली आहे. आम्ही माझ्या हाताने भिंत मोजू लागलो, तो गल्याथाचे डोके छताला जाऊन टेकले! त्यावर नात म्हणाली, "आजोबा, माझ्या हातानं मोजा ना." तिच्या हाताने मोजता गल्याथ बराच खाली आला. ग्रीक भाषांतराच्या जुन्या प्रतींत आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका हिब्रू हस्तलिखितात त्याची उंची चार हात एक वीत अशीच आहे, हे मी तिला त्या वेळी सांगितले नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते अवश्य सांगावे. मोठी मुले अशा माहितीने खूष होतात.

जक्कयाची गोष्ट अशीच. ठेंगू जक्कय येशूला पाहण्यासाठी ज्या झाडावर चढला, त्याला आमच्या मराठी शास्त्रात उंबर म्हटले आहे. मुळातले झाड आणि आपला उंबर ही एकाच कुळातली. दोहोंची फळे घोसाघोसांनी खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक उंबर आहे आणि त्याच्या पारावर दत्ताच्या पादुका आहेत. नातीला मी तेथे नेले. शेजारच्या एक आजीबाई प्रदक्षिणा घालीत होत्या. त्यांनी तिला दत्तगुरूंची गोष्ट सांगितली, तिने त्यांना जक्कयाची सांगितली. आजीबाई मन लावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "मग त्यानं लोकांचे पैसे परत केले का गं?" गोष्टीतला खरा प्रश्न तोच आहे, आणि पुष्कळ उपदेशकांना तो सुचत नाही.

पेरणाऱ्याचा दाखला सांगताना शहरातल्या मुलाची एक अडचण होते. शाळेत एकदा एका मुलाने मला विचारले होते की, तो शेतकरी बी वाटेवर आणि खडकावर टाकतोच कशाला, त्याला कळत नव्हते का? प्रश्न बिनतोड आहे. पाभरीने पेरताना बी तासातच पडते. पण त्या देशात मुठीने बी फोकून पेरीत, जसे आपल्याकडे रोपासाठी भात फोकतात. तसे पेरताना काही बी वाटेवर आणि काट्यांत जावयाचेच. एवढे सांगितले की दाखला आपोआप उघडतो. बेखमीर भाकरीचेही तसेच. जी भाकरी आणि पोळी आपण रोज खातो ती बेखमीरच असते. खमीर घातलेला तो पाव. स्वयंपाकघरात रात्री आंबवणासाठी भिजविलेले पीठ सकाळी फुगून वर आलेले मुलाला दाखवावे, म्हणजे चिमूटभर खमिराने सगळे पीठ फुगते हा दाखला निराळा समजवावा लागत नाही.

परंतु एक गोष्ट अशी आहे की ती आमच्या घरात आम्हाला कोणी समजावून देण्याची गरजच नव्हती. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एक शोमरोनी बाई एकटी पाणी भरावयास येते आणि येशू तिच्याजवळ पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांच्या हातचे व त्यांच्या भांड्यातले घेत नसत. विलायती पुस्तकांत या ठिकाणी लांबलचक टीप असते. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या ज्या वस्तीत जन्मले, त्या वस्तीला गावच्या विहिरीवर चढण्याची मनाई होती. कोणी वरून ओंजळीत ओतील तेवढे पाणी. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि डॉक्टर आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, या दोन्ही हकीगती मी नातीला याच गोष्टीबरोबर सांगितल्या. तिने विचारले, "आणि ओतायला कुणी आलंच नाही तर?" मी म्हटले, "मग बसून राहायचे." ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही तात्पर्य सांगितले नाही.

या तात्पर्याविषयी मला थोडे अधिक बोलले पाहिजे. आम्हा मास्तर लोकांना त्याची खोड फार. गोष्ट संपली की खाली रेघ ओढून तात्पर्य लिहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आणि मुले इतकी हुशार की ती गोष्ट सोडून तेवढेच पाठ करतात! येशूने लोकसमुदायाला दाखले सांगितले, पण त्यांतील बहुतेकांचा उलगडा त्याने तेथल्या तेथे केला नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट पाहा. धाकटा परत येतो, घरात वाद्ये वाजू लागतात, थोरला रागावून बाहेर उभा राहतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. आणि गोष्ट तेथेच थांबते. थोरला आत गेला की नाही हे सांगितलेलेच नाही. मूल स्वतः थोरले असेल तर ते याविषयी फार विचार करते. त्याला तो करू द्यावा.

भाषेविषयी एक शब्द. हल्ली शहरांतील पुष्कळ ख्रिस्ती मुले इंग्रजी शाळेत जातात आणि शास्त्राच्या गोष्टी इंग्रजी चित्रपुस्तकांतून वाचतात. वाचोत बापडी. पण आईच्या तोंडून मराठीत ऐकलेली गोष्ट निराळी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज, गोव्यात येऊन मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये प्रथम छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ज्या छंदात आपल्या बाया जात्यावर गात, तोच छंद त्याने घेतला. पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याची अखेरची वर्षे, हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर करण्यात घालविली. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, तोवर काम हातावेगळे झाले होते. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले आणि 1924 मध्ये तो ग्रंथ बाहेर आला. एवढ्या कष्टांनी जी भाषा घरात आणली, तिला घरातच परके करू नये. गोष्ट नीट मुरली की मग मात्र ग्रंथ उघडून तेच प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे. तेव्हा मुलाला जुना, भारदस्त शब्द अडत नाही. ओळखीच्या माणसाने सणाचे कपडे घातल्यासारखे वाटते.

पाठांतराला माझा विरोध नाही. एखादे स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, टिळकांची दोन भजने मुलांना यावी. म्हातारपणी आजाराच्या रात्री तीच उपयोगी पडतात. पण ती गाऊन, सर्वांनी मिळून. बक्षिसासाठी नव्हे.

आता अवघड गोष्टींकडे वळतो. शास्त्रात भयंकर गोष्टी पुष्कळ आहेत, आणि तारवातले जिराफ व हत्ती यांच्या चित्रांनी जलप्रलय गोड होत नाही. नातीने सहाव्या वर्षी विचारलेच, "बाकीची मुलं कुठं गेली?" पूर्वीचा मी असतो तर म्हटले असते, ती दुष्ट होती. या वेळी मी म्हटले, "ती बुडाली, असे गोष्टीत आहे. मलाही त्याचे वाईट वाटते." तिने माझ्याकडे पाहिले आणि ती मला अधिकच चिकटून बसली. मुलाला उत्तरापेक्षा, आपला प्रश्न वडीलमाणसालाही पडतो, हे कळणे मोठे वाटते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पुढची माहिती द्यावी: अशीच प्रलयकथा मेसोपोटेमियातील मातीच्या विटांवर कोरलेली सापडली, 1872 मध्ये जॉर्ज स्मिथने ती लंडनमध्ये वाचून दाखविली, आणि शास्त्रकर्त्यांनी ती जुनी कथा आपल्या श्रद्धेच्या रंगात नव्याने सांगितली असावी असे अभ्यासक मानतात. हे मुलाने आधी बाहेर ऐकले तर त्याला वाटते की घरच्यांनी आपल्याला फसविले. घरीच ऐकले तर तसे वाटत नाही.

इसहाकाची गोष्ट अजून मी नातीला सांगितलेली नाही. ती वेळ येईल तेव्हा तिच्या वडिलांनीच सांगावी, असे मी मुलाला म्हटले आहे. पुष्कळ अभ्यासकांच्या मते, सभोवारच्या लोकांत नरबळीची चाल असताना, देवाला मुलाचा बळी नको आहे हेच या कथेने सांगितले. कथेचा रोख उचललेल्या सुरीवर नसून अडविलेल्या हातावर आहे. हे मी मुलाला समजावून सांगितले. तो म्हणाला, "हे तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं." मी म्हटले, "तेव्हा मला माहीत नव्हतं." आम्ही दोघे बापलेक त्या दिवशी शास्त्राविषयी तासभर बोललो. ते बोलणे तीस वर्षे उशिराने झाले.

नात आता आठ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही योनाचे पुस्तक घेतले होते. चारच लहान प्रकरणे आहेत. मासा सर्वांना ठाऊक असतो. परंतु खरी गंमत शेवटी आहे. निनवे शहराचा नाश होत नाही म्हणून योना रुसून उन्हात बसला आहे. त्याच्यावर सावली धरणारे झाड वाळून गेले म्हणून तो आणखी चिडला आहे. आणि देव त्याला विचारतो की, एका झाडाची तुला एवढी कणव आली, तर ज्यांना उजवाडावा हातही कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे ज्या शहरात आहेत, शिवाय पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्याची मला येऊ नये काय? येथे पुस्तक संपते.

"मग योना काय म्हणाला?" नातीने विचारले.

"ते लिहिलेले नाही," मी म्हटले.

तिने माझ्या हातातले पुस्तक घेतले, पान उलटून पलीकडे खरोखरच काही नाही ना ते पाहिले, आणि पुन्हा मागे येऊन गुराढोरांच्या शब्दांवर बोट ठेवून ती सावकाश वाचू लागली.